खळदकरांची साडेतीनशे

दिगंबर खळदकर जळायचा. आता जळत कोण नाही म्हणा! पण बाकीचे लोक आतल्या आत जळतात आणि वर तोंडभरून अभिनंदन करतात. दिगंबरला तेवढं नाटक जमायचं नाही. शेजाऱ्यानं फ्रीज घेतला की याची भूक मेली. कारखान्यात कुणाला बढती मिळाली की पेढा हातात घेऊन हा विचारणार, "वशिला कुणाचा?" आणि विचारून झाल्यावर पेढा खाणार. भोसरीला स्टोअरकीपरची नोकरी, बिबवेवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट, नंदासारखी बायको, पूर्णिमासारखी गुणी पोर. रडावं असं काही नव्हतं. पण दुसऱ्याचं बरं चाललेलं दिसलं की त्याच्या पोटात दुखायचं, आणि त्यावर पुण्यातल्या एकाही डॉक्टरकडे औषध नव्हतं.

हे दुखणं सुरू झालं ते एका मोटरसायकलीपासून. तरुणपणी दिगंबर फर्ग्युसन रस्त्यानं सायकल हाणत जायचा, तेव्हा बड्या घरची दोन-चार पोरं त्याच्या अंगावर धूर सोडून पुढे निघून जायची. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, दोन्ही बाजूंनी धूर ओकणारी गाडी. तिला कुणी नावानं ओळखत नसे, नुसतं 'साडेतीनशे' म्हणत. लौकिक म्हणाल तर वाईट. किक उलटी यायची आणि नडगी फोडायची. ॲक्सिलरेटर जरा जास्त पिळला की पुढचं चाक उचलायचं. आणि ब्रेक? ब्रेक म्हणजे गाडीला केलेली विनंती, ऐकली तर ऐकली! ज्या घरात ती गाडी यायची त्या घरातल्या आया पोरगं परत येईपर्यंत गॅलरीत उभ्या असायच्या. दिगंबरला त्या पोरांचा असा काही हेवा वाटायचा की तो सायकल थांबवून धूर विरेपर्यंत तिथेच उभा राहायचा.

पुढे पंधरा वर्षं गेली. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटरांना कसलासा रोग होणार अशी आवई उठली, आणि तो रोग बरा करायला पुण्यातली निम्मी पोरं अमेरिकेला निघाली. त्यातल्याच डेक्कनवरच्या एकाला आपली जुनी साडेतीनशे काढायची होती. तोवर बाजारात पेट्रोल हुंगून चालणाऱ्या, मांजरासारख्या मुकाट गाड्या आल्या होत्या. असलं भूत आता कोण घेणार? दिगंबरनं घेतलं.

स्वारगेटजवळ बजरंग मेकॅनिकचं गॅरेज होतं. दिगंबर गाडी ढकलतच तिथे घेऊन गेला. बजरंगनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, हिचा तेलाचा पंप आधीच्या मालकानं काढून टाकलाय. त्यामुळे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, मापानं. बाकी काहीही विसरा, हे विसरू नका. तेल नसेल तर चालत्या गाडीत इंजिन जाम होतं, आणि इंजिन जाम झालं की मागचं चाक जागेवर आवळतं. मग गाडी कुठे आणि आपण कुठे."

"मला शिकवू नकोस रे. स्टोअरकीपर आहे मी," दिगंबर म्हणाला.

गाडी पार्किंगमध्ये आली तेव्हा तळमजल्यावरचे रंगनाथराव चहा पीत खुर्चीत बसले होते. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, सोसायटीतल्या प्रत्येकाच्या येण्याजाण्यावर शिक्का मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते म्हणाले, "वा, खळदकर! गाडी घेतलीत की विकत दुखणं?" दिगंबर मनात म्हणाला, जळतोय थेरडा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्यावर जळतंय, या आनंदात त्याला त्या रात्री झोप लागली नाही.

गाडीनं मात्र त्याला जुमानलं नाही. चाळीस किकांनी एकदा सुरू व्हायची, सुरू झाली की उधळायची, आणि सोसायटीच्या फाटकाशी जाऊन बंद पडायची. दिगंबर तिच्याशी भांडायचा. दात-ओठ खाऊन पिळायचा, घाबरून एकदम सोडायचा, पुन्हा पिळायचा. नडगीवर कायम हळद. तरी रोज संध्याकाळी तो ती पुसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हिला रायडर लागतो. येऱ्यागबाळ्याचं काम नाही."

आणि मग स्वारगेटला ते घडलं.

नंदा बी.कॉम. झालेली होती. पूर्णिमा शाळेत जायला लागल्यावर ती टॅली शिकली आणि औंधला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या हिशेब खात्यात लागली. कंपनीची बस तिला स्वारगेटवरून न्यायची. एका सोमवारी ती बस चुकली. दिगंबरची त्या दिवशी सुट्टी होती. तो म्हणाला, "चल, मी सोडतो औंधला. तुमच्या त्या टायवाल्या पोरांना पण बघू दे गाडी."

ऐन स्वारगेटच्या चौकात, सिग्नल हिरवा होताना, गाडी बंद पडली. मागे पीएमटीच्या बसा, रिक्षा, हॉर्नचा कल्लोळ. दिगंबरनं घाईघाईनं किक मारली. किक उलटी आली आणि नडगीवर अशी बसली की तो कळवळून वाकला, तोल गेला, आणि गाडी त्याच्या पायावर आडवी झाली. बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "काका, सायकल घ्या, सायकल!" सगळा चौक हसला. फुलंवाली हसली, हवालदार हसला.

नंदानं पर्स गळ्यात अडकवली आणि एका झटक्यात गाडी उभी केली. ती लोणी काळभोरची. बापाचा ट्रॅक्टर, भावाची दुधाची मोटरसायकल, काही म्हणजे काही तिनं सोडलं नव्हतं, पण लग्नानंतर कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिनं सांगितलंही नव्हतं. तिनं किक हळूच दाबून पाहिली, नेमकी कुठे अडते ते पायानं चाचपलं, आणि एकदाच मारली. गाडी सुरू झाली. "बसा मागे," ती म्हणाली. नवरा बायकोच्या मागे, मांडीवर तिचा डबा घेऊन, औंधपर्यंत गेला.

पण दिगंबरला लागलं ते वेगळंच. पुण्यातल्या बाया गाडीवर बसताना सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळतात, नुसते डोळे उघडे. नंदाचंही तसंच होतं. सगळा चौक हसला तेव्हा दिगंबरनं पडल्या जागेवरून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं होतं, आणि त्याला दिसला तो नुसता निळा ठिपक्यांचा स्कार्फ. तो स्कार्फ हलला होता. ती आत हसली होती का? विचारायचं धाडस झालं नाही. हसलीच असणार, त्यानं ठरवून टाकलं. बस, तेव्हापासून तो आपल्या बायकोवर जळायला लागला.

आणि जळायला कारणांची कमी नव्हती. नंदा रोज साडेतीनशेवरून कामाला जाऊ लागली. सोसायटीतल्या बायका गॅलरीत येऊन बघायच्या. पोरं म्हणायची, "नंदाकाकूंची गाडी." काकूंची! गाडी कुणाची, नाव कुणाचं! रंगनाथराव तर एकदा भर पार्किंगमध्ये म्हणाले, "खळदकर, रायडर लागतो म्हणत होतात ना? मिळाला की घरातच." दिगंबरच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवताना त्यानं उगाच आमटीत मीठ जास्त झाल्याचं सांगितलं.

"तुला कसं जमतं गं?" एकदा न राहवून त्यानं विचारलंच.

"काही नाही हो," नंदा भाकरी थापत म्हणाली, "तिला घाई असते. आपण करायची नाही. वळणाच्या आधीच हळू व्हायचं, ब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही. तुम्हालाही जमेल. येता का रविवारी खडकवासल्याच्या रस्त्याला? मोकळा असतो."

"मला कुणी शिकवायची गरज नाही," तो म्हणाला.

बघा, संधी चालून आली होती. पण नाही! हा माणूस असा की कुणी हात पुढे केला तरी त्याला तो चिमटा काढायलाच आलाय असं वाटायचं.

गाडीचं एकच काम आता त्याच्याकडे उरलं होतं. तेल. दर रविवारी सकाळी तो कॅन घेऊन पंपावर चालत जायचा, पेट्रोल आणायचा, स्टोअरमधल्या मापानं त्यात तेल घालायचा, कॅन खळखळून हलवायचा आणि टाकीत ओतायचा. थेंब सांडायचा नाही. नंदा त्याला कधी "घातलंत का" म्हणूनही विचारायची नाही. किल्ली लावायची आणि निघायची.

एका शनिवारी नंदा पेढे घेऊन आली. कंपनीनं तिला हिशेब खात्यात वरची जागा दिली होती. वर साहेबानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं म्हणे, की जी बाई साडेतीनशे हाकते ती आमचं खातं सहज हाकेल. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. नंदा हे हौसेनं सांगत होती, पूर्णिमा आईच्या गळ्यात पडत होती, आणि दिगंबरच्या हातात पेढा होता. या वेळी वशिला कुणाचा ते विचारायची सोय नव्हती. वशिला त्याच्याच गाडीचा होता! त्याच्या गाडीवर, त्याच्या जन्माच्या हौसेवर ही बाई टाळ्या घेऊन आली होती. पेढा त्याच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंपावरून कॅन घेऊन आला. टाकीत खडखडाट होता. तेलाची बाटली हातात घेतली, आणि बराच वेळ तशीच धरून उभा राहिला. उद्या सोमवार. उद्या सकाळी स्वारगेटच्या चौकात ही गाडी बंद पडू दे. बसवाले हॉर्न मारू देत, फुलंवाली हसू दे. ढकलू दे एकदा तिलाही. बजरंगचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही, चांगलं आठवलं. पण त्यानं स्वतःची समजूत घातली, की गर्दीत गाडी जातेय किती जोरात? गुरगुरेल आणि थांबेल. त्यानं बाटलीचं बूच लावलं, कॅन सवयीनं खळखळून हलवला आणि नुसतं पेट्रोल टाकीत ओतलं. मग तो केस कापायला गेला.

केस कापून, मालिश करून घेऊन, रेडिओवरच्या बातम्या ऐकून तो परत आला. पार्किंगमधली जागा रिकामी होती. रंगनाथराव खुर्चीत होतेच.

"मायलेकी लोणीला गेल्या," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाईंचा फोन आला, परसात पाय घसरला म्हणून. पण एक सांगतो खळदकर, आज कमाल झाली. तुमची गाडी सुरू झाली आणि आमच्या चहात धूर आला नाही! पहिल्यांदा सुखानं चहा प्यालो. दुरुस्त केलीत वाटतं?"

लोणी काळभोर म्हणजे सोलापूर रस्ता. ट्रक, उसाच्या गाड्या, लक्झरी बसा. तिथे साडेतीनशे रांगत जात नाही, पळते. आणि मागे पूर्णिमा. धूर नाही म्हणजे तेल नाही, हे रंगनाथरावांना माहीत नव्हतं. दिगंबरला होतं.

लोणीला सासरी फोन केला तर कुणी उचलेना. तो तसाच पळत सुटला. हडपसरपर्यंत रिक्षा, तिथून सहा आसनी टमटम. सहा आसनीत दहा माणसं, दिगंबर कडेला अर्धा बाहेर लोंबकळत. प्रत्येक वळणावर तो मान बाहेर काढून बघायचा. रस्त्यावर कुठे काचा दिसतात का, कुठे चप्पल पडलीय का. आयुष्यभर त्यानं दुसऱ्याचं वाईट चिंतलं होतं, पण मनातल्या मनात, कुणाचं काही न बिघडवता. आज पहिल्यांदाच त्यानं हातानं काही केलं होतं. मांजरी गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला माणसांचं कोंडाळं दिसलं आणि त्याच्या तोंडून "अगं आई गं" असं मोठ्यानं निघालं. जवळ गेल्यावर कळलं की लोक कलिंगडं घेत होते. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय हो पाव्हणं, बरं हाय ना?" देवा, गाडी जळून जाऊ दे, त्या दोघी तेवढ्या राहू देत, असं दिगंबर पुटपुटत होता.

कवडीपाटाच्या पुढे एक रसवंती होती. तिच्यापुढे, शेताच्या कडेच्या मातीत, साडेतीनशे आडवी पडली होती.

सहा आसनी थांबायच्या आत त्यानं उडी मारली. रसवंतीच्या बाकावर नंदा बसली होती. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोललेलं, पंजाबी ड्रेस गुडघ्यावर फाटलेला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून पूर्णिमा मुसमुसत होती आणि तिच्या हनुवटीला तो निळा ठिपक्यांचा स्कार्फ बांधला होता. स्कार्फवर रक्त आलं होतं.

"बाबा!" पूर्णिमा म्हणाली.

"काही नाही, हनुवटी फुटलीय, एक-दोन टाके पडतील," नंदा म्हणाली. "मागचं चाकच आवळलं हो एकदम. आवाज बदलला तसा मी क्लच दाबला म्हणून निभावलं, आणि मातीत घातली गाडी. मागून ट्रक होता. तो इथून गेला बघा, इथून." तिनं हात पसरून दाखवलं. तो हात फार लांब पसरला नाही.

रसवंतीचा मालक महिपती ग्लास विसळत होता. तो म्हणाला, "मी बाईंना मगापासून सांगतोय, गाडीत तेल न्हाय. टाकी उघडून वास घिऊन बगा. नुसतं पेट्रोल हाय."

"आणि मी पण मगापासून सांगतेय तुम्हाला!" नंदा उसळली. "अवो, तेल हे स्वतः घालतात. मापानं, दर रविवारी. आजही घातलंय, कॅन हलवताना मी वरून बघितलंय. पंपवाल्यानंच काहीतरी भेसळ केली आसंल, पण ह्यांच्या हातून तेल ऱ्हायचं न्हाई!" चिडली की तिच्या बोलण्यात लोणी उतरायची. मग ती दिगंबरकडे वळली. "तुम्हीच सांगा हो यांना. घातलं होतं ना?"

महिपतीनं ग्लास खाली ठेवला. बाकावरची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पंपवाला भेसळ करतो हे सगळ्या जगाला माहीत होतं. 'घातलं होतं' एवढे दोन शब्द पुरेसे होते. 'विसरलो' म्हटलं असतं तरी चाललं असतं, विसरणाऱ्याला बायका माफ करतात. दिगंबरनं पूर्णिमाच्या हनुवटीकडे पाहिलं.

"नाही घातलं," तो म्हणाला.

"विसरलात?"

"नाही."

नंदा त्याच्याकडे बघत राहिली. पहिल्यांदा तिला कळलं नाही. मग हळूहळू कळत गेलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर उमटताना त्याला बघावं लागलं, कारण आज तिचं तोंड उघडं होतं.

"उद्या स्वारगेटला बंद पडावी म्हणून?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"लोकांनी मला हसावं म्हणून?"

"तू हसली होतीस," तो म्हणाला. "त्या दिवशी. स्कार्फच्या आत."

"मी?" नंदा म्हणाली. "अहो, गाडी पडली तेव्हा तुमचा पाय दिसत नव्हता मला. मला वाटलं, मोडला. मी ओठ दाताखाली धरून उभी होते, तोंडून ओरडणं निघू नये म्हणून. चौकात ओरडले असते तर तुम्हाला आणखी लाज वाटली असती."

महिपतीनं रसाचे दोन ग्लास आणून ठेवले, एक आईला, एक मुलीला. तिसरा आणला नाही. लोणीकडे जाणारी बस आली तशी नंदा उठली, पूर्णिमाला कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या घोडीला, आणि लंगडत बसमध्ये चढली. दिगंबर पायरीपर्यंत मागे गेला.

"तुम्ही गाडीचं बघा," ती म्हणाली.

तो साडेतीनशे ढकलत निघाला. चाक फिरेना म्हणून महिपतीनं गिअर पाडून न्यूट्रलला आणून दिला, आणि मग ती फरफटत का होईना चालली. हडपसरला पोचेस्तोवर दुपार झाली. लोक बघत होते, एक-दोघं हसलेही. त्याला त्याचं काही वाटलं नाही, तो रडत होता.

आठवड्यानं नंदा परत आली. भांडली नाही, माहेरी कुणाला सांगितलं नाही. बजरंगनं इंजिन उघडून नवे पिस्टन घातले, आणि गाडी पुन्हा धूर सोडत औंधला जाऊ लागली. पूर्णिमाच्या हनुवटीवर टाक्याची खूण राहिली. कुणी विचारलं तर ती सांगते, "गाडीवरून पडले."

रविवारी सकाळी दिगंबर अजूनही पार्किंगमध्ये उतरतो. नंदा कॅन घेऊन येते, माप भरते, उजेडाकडे धरून बघते, तेल ओतते, कॅन खळखळून हलवते. तो दोन हात अंतरावर उभा असतो. परवा त्यानं कॅन धरायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी घालते."